पुढचं चाक

११ जाने., रवि.
लोणी काळभोर. हायवेला लागून चहा. शेजारच्या बाकड्यावरचे आजोबा सायकलींवरच्या ओझ्यांकडे बघत म्हणाले, "कुठनं आलात?" मुक्ता म्हणाली, विशाखापट्टणमहून. "सायकलीवर?" हो. "अन् घरी कोन हाय का नाय?" मुक्ता इतकी हसली की चहा नाकात गेला.

आहेत, आजोबा. दुपारपर्यंत दिसतील.

मु.चं म्हणणं, पुण्यात थांबायचंच नाही. "घर मध्ये आलं की टूर संपते, आशू. सरळ मुळशीकडे मुक्काम टाकू." ठरलेलं तसंच होतं. तिकडच्या समुद्रात मागचं चाक बुडवलं, इकडच्या समुद्रात पुढचं बुडवायचं. तोवर झाली म्हणायचं नाही. पण आईचा फोन आला, "भाकरी टाकू का पोळ्या?" आता यावर काय बोलणार.

एक रात्र. उद्या उजाडायच्या आत चांदणी चौकात भेटायचं. मग ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन. दोनच दिवस.

संध्या. — घरी. सायकल बाबांनी स्वतः तिसऱ्या मजल्यावर चढवली. ओझ्यासकट. कोणाला हात लावू देईनात. आईने ओवाळलं, सायकललाही ओवाळलं. गालावर हात फिरवला तर हात केवढा गरम. "गॅसपाशी होते ना," म्हणाली.
माझं कशातच लक्ष नाही. सगळं ओळखीचं आणि सगळं लहान झाल्यासारखं.

१२ जाने., सोम.
आईला न्यूमोनिया. पहाटे उठले तर ती ओट्याशी खाली बसलेली, श्वास पुरत नव्हता. शेजारी वाटाण्याच्या पुऱ्या अर्ध्या तळलेल्या. माझ्या डब्यासाठी.

हॉस्पिटलच्या जिन्यात बाबा म्हणाले, "आठवडाभर अंगावर काढत होती. तुला कळवू नको म्हणून शपथ घातली मला. कळलं तर पोरगी मध्येच गाडीत बसून येईल म्हणाली."

मु.चा फोन. ती चौकात उभी. मी म्हटलं, तू जा.
"नक्की?"
नक्की.
तिने परत विचारलं नाही. मी तरी तिने दुसऱ्यांदा विचारावं म्हणून का थांबले होते?

१३ जाने., मंगळ.
मु.चा फोटो आला. पुढचं चाक पाण्यात. मागे सूर्य. ती एकटी, हँडलवर माझ्या ओढणीचा तुकडा बांधलेला. तो केव्हा घेतला तिने कळलंच नाही. खाली लिहिलंय, 'तुझ्या वाटचं बुडवलं नाही. ते तूच.'
वॉर्डमधल्या नर्सबाईंना वाटलं आईसाठी रडतेय. पाठीवर हात ठेवला त्यांनी. मला शरम वाटली, कारण त्या वेळी मी आईसाठी रडत नव्हते.

१६ जाने., शुक्र.
आई घरी. तीन-चार आठवडे विश्रांती, वजन उचलायचं नाही, धुराशी-वाफेशी उभं राहायचं नाही. म्हणजे पोळ्यांची कामं बंद. आई डॉक्टरांना म्हणाली, "कोथरूडच्या तिन्ही घरांत माझ्याशिवाय चालत नाही हो." डॉक्टर म्हणाले, चालेल. आईला ते फारसं आवडलं नाही.

१९ जाने., सोम.
मी जातेय पोळ्यांना. आईच्या जागी. दुसरी बाई लागली की ती घरं गेली.
बाबा आधी नाही म्हणाले. "बी.ए. झालीस ती लाटणं धरायला?" घरातली पहिली ग्रॅज्युएट, माझ्या निकालाचा कागद त्यांनी बाइंडिंगच्या दुकानातून कापडी पुठ्ठ्यात बांधून आणलाय. मी म्हटलं, बाबा, आई इतकी वर्षं धरतेय. ते चप्पल घालून खाली निघून गेले.

सायकलवरच जाते. मागच्या पिशव्या काढल्या, कॅरिअर मोकळं. नारायण पेठेतून पूल ओलांडायचा आणि पौड रोड धरायचा. तोच रस्ता. तोच! असाच सरळ जात राहिलं की ताम्हिणी, आणि ताम्हिणीच्या खाली कोकण. मी मात्र तिसऱ्या सिग्नलला डावीकडे वळते.

२१ जाने., बुध.
दुसऱ्या घरच्या काकूंनी सायकल बघितली. सगळं विचारून घेतलं. किती दिवस, कुठे झोपलात, भीती नाही का वाटली. नवऱ्याला हाक मारली, "अहो ऐकलंत का, आपल्या पोळ्यावाल्या मावशींची मुलगी बंगालच्या उपसागरावरून आलीये." काकांनी पेपर खाली केला, बघितलं, वर केला.
जाताना काकू म्हणाल्या, "कौतुक आहे हं. फक्त पोळी जरा जाड होतेय. आईला विचार."
आईला सांगितलं. ती हसून हसून खोकली. मग उठून बसली आणि कणीक कशी तिंबायची ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

२२ जाने., गुरु.
आज घराकडे वळले नाही.
तिन्ही घरं झाल्यावर निघाले होते घरीच. पण पौड रोडला लागले आणि हँडल पश्चिमेकडेच गेलं. चांदणी चौकाचा चढ. भूगाव. पाय आपोआप लयीत आले, ती लय किती दिवसांनी. तेलंगणात उन्हातून जाताना मु. मागून बेसूर गायची, मी ओरडायचे गप्प बस, आणि ती आणखी मोठ्याने. आज मागे कोणी नव्हतं तरी मी एकदा वळून बघितलं.
पिरंगुटला थांबले. उसाचा रस घेतला. माझ्या अंगावर पोळ्यांच्या घराचे कपडे, ओढणीला पीठ. समोरून गाड्या कोकणात चाललेल्या, टपावर सामान, खिडक्यांतून मुलांचे पाय. पाणी संपलं म्हणून बाटली भरली आणि परत फिरले.

आई म्हणाली, "उशीर झाला?" हो, काकूंकडे पाहुणे होते.
खोटं बोलायला नको होतं.

२३ जाने., शुक्र.
स्वयंपाकघराच्या खिडकीतली बाटली. विशाखापट्टणमला भरली होती, समुद्राचं पाणी. दोघींच्यात एकच, माझ्या पिशवीत आली. इकडे पोचल्यावर ओतायची होती. ते पाणी या पाण्यात.
आज बघते तर बाटली लख्ख घासलेली, त्यात प्यायचं पाणी.
"आई, यात होतं ते?"
"गढूळ झालं होतं गं. कढीपत्त्याला घातलं. वाया कशाला."
मी म्हटलं, बरं केलंस.

मु.ला फोन केला. ती बंगळूरला पोचली, सोमवारपासून नोकरी. बाटलीचं सांगितलं. मग म्हणाली, "जाऊ दे. चाक तर आहे ना."

२५ जाने., रवि.
गल्लीतल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू. त्यातच माझा सत्कार. नको म्हटलं होतं, पण आईचं बाहेर पडायचं पहिलंच निमित्त, तिने ठेवणीतली जांभळी साडी काढली. पहिल्या रांगेत खुर्ची.
फलकावर रंगीत खडूने — 'दोन समुद्र जोडणारी आपली कन्या'. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईही तेच म्हणाल्या, मोहीम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल. शाल घातली. टाळ्या.
माइक हातात आल्यावर मी म्हटलं, "पूर्ण झालेली नाही. एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत जायचं होतं, मी पुण्यापर्यंतच आले. माझी मैत्रीण पोचली. माझं व्हायचंय अजून."
मग मागून एक आजी, "मग शाल आत्ता काढून घ्यायची की पोचल्यावर द्यायची?"
हॉल हसला. मीही हसले. वाण म्हणून सगळ्यांना चहाची गाळणी मिळाली, मला दोन.

आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

२६ जाने., सोम.
सुट्टी. आई कढीपत्त्याच्या डब्यापाशी बसलेली. पानं पिवळी पडून गळतायत, बोट लावलं की पडतात.
"आशू, त्या बाटलीत काय होतं?"
"पाणी."
"कुठलं?"
सांगितलं.
बराच वेळ ती पानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तू घरी पोचलीस म्हणजे झालं, असं वाटलं मला. माणूस कुठेही जाऊन आलं तरी शेवटी घरीच येतं ना. त्याच्या पुढे काही राहिलं असेल हे डोक्यातच आलं नाही."
मी म्हटलं, तुझं चुकलं नाही.
"माझं दुखणं मध्ये आलं."
आई, नको ना.
"अडवलंच की मी."
मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "इतकं खारट असतं? झाड मरेल एवढं?"
मला तेव्हा कळलं की आईने समुद्र बघितलेलाच नाही. लग्नाआधी गाव, लग्नानंतर ही पेठ आणि कोथरूड. मी बावीस वर्षं हिच्या पोटची, आणि कधी विचारलं नव्हतं.
डब्यात दिवसभर ती तांब्या-तांब्याने गोडं पाणी घालत होती. खालून निथळलेलं पाणी फडक्याने पुसायचं, पुन्हा घालायचं.

४ फेब्रु., बुध.
पोळ्या पातळ होऊ लागल्यात. काकू काही बोलल्या नाहीत, म्हणजे झाल्याच.
स्वप्नात वाटेतल्या मुक्कामाचा, हुमनाबादच्या शाळेचा व्हरांडा. मु. म्हणतेय, ऊठ, उजाडायच्या आत निघू. उठले तर स्वयंपाकघरात आईची भांडी.
रस्त्यावर असताना घरची आठवण यायची. घरी आहे तर रस्त्याची. दोन्हीकडे एकदम असता येईल अशी जागा कुठे असते?

१४ फेब्रु., शनि.
डॉक्टरांनी आईला कामाची परवानगी दिली. सोमवारपासून जाणार. दोनच घरं धरायची, तिसरं सोडायचं, यावर वाद झाला, ती जिंकली. तिन्ही.
जेवताना ती बाबांना म्हणाली, "अहो, पुढच्या शनिवारी ही जाणार आहे." मला नाही, बाबांना.
बाबा म्हणाले, "कुठे?"
"राहिलंय ते करायला."
बाबांनी आमटी वाढून घेतली. "ब्रेक बघून घे. घाट उतरायचाय."

१८ फेब्रु., बुध.
आज विचारलं. आई, तू ये ना. स्वारगेटहून सकाळची श्रीवर्धनची एस.टी. आहे. मी शनिवारी माणगावला राहीन, रविवारी सकाळी श्रीवर्धन. तू रविवारी पोच. स्टँडवर घ्यायला येते. तू असताना चाक बुडवते.
"मी? मी काय करू तिथे?"
बघ ना समुद्र.
"घरं आहेत माझी. रविवारी कोण पोळ्या करणार?"
एक दिवस खाडा.
"बघू."
आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. शाळेच्या सहलींना, नव्या दप्तराला, सगळ्याला 'बघू' असायचं. पुन्हा विचारलं नाही. पण एस.टी.ची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली, रविवारच्या चौकोनात.

२१ फेब्रु., शनि. माणगाव.
ताम्हिणी उतरले. ब्रेक चांगले. घाटात एका वळणावर थांबून मु.ला फोन लावला, रेंज नाही. बरंच झालं, रडले असते.
एकटीने चालवायला वेगळं लागतं. चढावर कोणी शिव्या घालायला नाही.
निघताना आईने डबा दिला. वाटाण्याच्या पुऱ्या. त्या दिवशी अर्ध्या राहिलेल्या. आत एक छोटी बाटली, तीच, रिकामी, कोरडी पुसलेली. मी येतेस का विचारलं नाही. तिने येते म्हटलं नाही. खिडकीतून बघत होती, मी कोपऱ्यावर वळेपर्यंत.
कढीपत्त्याला खालून एक कोंब आलाय. की तण आहे, सांगता येत नाही अजून.

२२ फेब्रु., रवि. श्रीवर्धन, एस.टी. स्टँड.
पोचले. समुद्र इथून दिसत नाही. माडांच्या मागे आहे. वास येतोय, वारा ओला, ओठ खारट.
सायकल बाकाला टेकवून बसलेय. पुढच्या चाकावर ताम्हिणीची लाल माती वाळलीये. पाच मिनिटं लागतील खाली जायला. गेले नाही.

बाबांचा फोन येऊन गेला.
"आई आलीये का तिकडे?"
म्हणजे घरी नाहीये?
"सकाळी मी उठलो तर नव्हती. कोथरूडला गेली असेल म्हणून तिथल्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या आज आल्या नाहीत. मोबाइल इथेच फडताळावर राहिलाय."
काही बोलली होती?
"काही नाही." मग थांबून, "चपला नव्या घालून गेलीये. त्या दिवाळीच्या. मी म्हटलं सांगून ठेवावं."
बाबा, मंदिरात किंवा मावशीकडे…
"मावशीकडे जुन्याच घालून जाते ती."

चौकशीच्या खिडकीत विचारलं. पुण्याची गाडी उशिरा आहे. किती उशिरा? "घाटात आहे हो, येईल. घाटात फोन लागत नाही. बसा."
बसलेय. पुऱ्या अजून खाल्ल्या नाहीत. बाटली खिशात.