गुलामाले साल नसते

बा, तू जाऊन अकरा वर्षं झाली. मी सध्या नागपुरात आहे, म्हणजे या महिन्यात आहे. आधी भंडाऱ्याला धानाच्या गिरणीवर होतो, त्याआधी एका ट्रकवर. आता धंतोलीत दवाखान्यांच्या मागे एक खोली आहे. खाली फुटपाथवर पेशंटांची माणसं स्टोव्ह पेटवून बसलेली असतात. इथे जो तो कोणासाठी तरी आलेला आहे, माझं तसं काही नाही. परवा बर्डीच्या बाजारात एक जुनं पुस्तक घेतलं, पुठ्ठा नसलेलं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं. चार दिवस तेच वाचून राहिलो, कामावर खाडे झाले. एवढं मी मॅट्रिकलाही वाचलं नव्हतं, आणि मॅट्रिकचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

यादवी हा शब्द मला तेव्हाही अडला होता. मास्तर म्हणाले, यादव आपसात लढून मेले, तशी ही भावाभावांची लढाई. उत्तरेकडचे गोरे एकीकडे, दक्षिणेकडचे गोरे दुसरीकडे. दक्षिणेत कापूस, आणि तो वेचायला विकत घेतलेली काळी माणसं. घरी येऊन मी तुला ते सांगितलं. तू चुलीपाशी भाकर मोडत होतास. म्हणालास, "भाऊ भाऊ लढले म्हनतं, तं मंग त्या कापूस येचनाऱ्याइचं काय? त्याइले कोनी भाऊ म्हनलं काय?" मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही." "मंग मास्तरले इचार." मी विचारलं नाही.

तू संत्र्याच्या बागेत सालदार होतास. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं, मधलं वर्ष मालक सांगेल ते काम. छप्पन साली तू दीक्षा घेऊन आलास तेव्हापासून सण म्हणून पाडवा आपल्या घरातून गेला होता, पण साल मात्र पाडव्यालाच सुटे, आणि ती एक सकाळ तुझी असे. धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचास. मालक स्वतः दारात यायचे. "काय गा, यंदाचं कसं?" तू चहा पीत राहायचास. माय आतून म्हणायची, "बोला ना जी, कवाचे उभे हायेत ते." "राहू दे वं उभं. आज मी कोनाचा नाही." मग कप खाली ठेवून म्हणायचास, "येतो." दरवर्षी तेच मालक, तीच बाग. तरी ते "येतो" तुझ्या तोंडून निघायचं, आणि तोवर मालकांना थांबावं लागायचं.

तर एक दिवस मी शाळेतून सरळ बागेत आलो. तू पोटरीभर चिखलात उभा राहून दांडाचं पाणी एका झाडाकडून दुसऱ्याकडे वळवतो आहेस. दोन मजूर आहेत. मालकाचा मुलगा, माझ्याच वर्गातला, बापाच्या नव्या मोटारसायकलला टेकून उभा आहे. मी म्हटलं, "बा, आज मास्तरनं शिकवलं. तू गुलाम हायेस." मजूर खाली पाहू लागले. तुझं फावडं थांबलं नाही. "गुलामाले साल नसते गा," तू म्हणालास. "मले पाडवा हाये."

त्यानंतरच्या पाडव्याला तू ओट्यावर बसला नाहीस. उजाडताच फावडं उचलून बागेत गेलास, कोणी न बोलावता. मालक आले तेव्हा माय म्हणाली, "ते गेले कवाचेच." ते म्हणाले, "बरं झालं, शहाणा झाला." पुढेही तू कधी बसला नाहीस.

पुस्तकात युद्धाची कारणं पुष्कळ आहेत. जकात, राज्यांचे हक्क. कसले हक्क, हे शोधत गेलो तर सगळ्या वाटा एकाच जागी पोचतात: माणूस मालकीचा ठेवायचा हक्क. तिकडचा कापूस अडला म्हणून विलायतेला आपला वऱ्हाडचा कापूस हवा झाला, हेही त्यात आहे. मी त्यातच एक दिवस गुंतलो, ते असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ती कापूस वेचणारी माणसं वाट पाहत बसली नव्हती. लढाई जवळ आली तशी पोरंबाळं घेऊन, शेतं टाकून, उत्तरेच्या फौजेच्या छावणीकडे चालत गेली. पुढे त्यांनी बंदुकाही धरल्या. भावांच्या भांडणाला अर्थ त्यांनी दिला, असं मला वाटतं. आणि सुटल्यावर कित्येकांना पुन्हा त्याच मालकाच्या शेतात राबावं लागलं. मग सुटले म्हणजे काय झालं? इथे मी फार अडलो. काम तेच असेल, पण "येतो" किंवा "नाही येत" हे आपल्या तोंडाने म्हणायचं, आणि समोरच्याने तोवर उभं राहायचं. तेवढं तुझ्याजवळ होतं. ते माझ्या एका शब्दाने गेलं.

हे मायला वाचून दाखवीन असं मनात होतं, पण नाही दाखवणार. तिला मी कायम सांगत आलो की मास्तरांनी शिकवलं ते मी भोळेपणाने बोलून गेलो. मास्तरांनी तुझ्याबद्दल काहीच शिकवलं नव्हतं. मालकाच्या मुलाने हसावं म्हणून मी बोललो. तो हसला, बा, आणि मला बरं वाटलं होतं.