ट्रकवरचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य

१२ सप्टेंबर, सकाळ
निर्णय झाला. आता माघार नाही. ट्रकला फॅन्सी नंबरप्लेट घेणार. आमच्या राज्यात थोडे जादा पैसे भरले की नंबराऐवजी आपल्या मनासारखी अक्षरं मिळतात. जास्तीत जास्त सात. माझी बरोबर सातच भरली: ROYLIED. रॉय खोटं बोलला. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. याला योग म्हणतात.

रॉय म्हणजे माझा मेहुणा, लुसीलचा धाकटा भाऊ. आमचं लग्न झाल्यापासूनचे सगळे हिवाळे आम्ही दोघांनी टॅनरी तळ्यावर एका खोपटात बसून काढले. बर्फाला भोकं पाडायची, गळ सोडायचे, मासा लागला की गळावरची झेंडी टुणकन वर. माणशी पाच गळ, असा कायदा. झेंडी ज्याची, मासा त्याचा. गेल्या फेब्रुवारीच्या स्पर्धेत माझी झेंडी उडाली. मी धावलो. एवढा ट्राउट मी जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात मत्स्यखात्याचा वॉर्डन तपासणीला येऊन ठेपला, आणि रॉय त्याच्या तोंडावर म्हणाला, "हा गळ माझा." वर माझ्याकडे बघून डोळे वटारले. अपराधी माणूस असाच बघतो.

गावच्या हॉलमधल्या फळ्यावर विजेता म्हणून रॉयचं नाव सोनेरी रंगात लागलं. त्या दिवशी बर्फावर माझे एकूण किती गळ होते, हा मुद्दा गौण आहे.

३ ऑक्टोबर
प्लेट आली! स्वतः बसवली. फार सुबक दिसते. गावातून हळूहळू दोन चकरा मारल्या. रॉयच्या घरावरून चार.

४ ऑक्टोबर
लुसील म्हणाली, "डेल्मर, ते काढ." मी म्हणालो, राज्यघटनेने मला बोलण्याचा हक्क दिलाय. ती म्हणाली, "मग बोल ना. तोंड आहे की तुला. रॉयकडे जा आणि बोल." बायकांना घटना समजत नाही.

ती चर्चला चालत गेली. पाऊण तासाची वाट. मी ट्रक शेजारून हळू चालवत होतो, बस म्हणत होतो. तिने मान वळवली नाही.

९ ऑक्टोबर
रॉय पेट्रोलपंपावर भेटला. प्लेट वाचली. टोपी मागे सरकवली. म्हणाला, "बरं." बस्स. एवढंच. मी घरून उत्तरं पाठ करून गेलो होतो, तीन-तीन. एकही वापरता आलं नाही. भेकड आहे.

२६ ऑक्टोबर
राज्याच्या वाहन खात्याचं पत्र. कुणीतरी तक्रार केली आहे. व्यक्तीची बदनामी करणारा मजकूर चालत नाही, प्लेट परत करा, नाहीतर सुनावणीला या. तक्रारदाराचं नाव गुप्त.

गुप्त कसलं. रॉयच! उद्या गावभर सांगतो.

२६ ऑक्टोबर, जेवताना
लुसील धिरडी वाढता वाढता म्हणाली, "रॉयचं नाव घेऊ नकोस. तक्रार मी केली."

मी विचारलं, का? ती म्हणाली, "तोंडाने सांगून ऐकलं नाहीस म्हणून सरकारला सांगितलं. आणखी एक घेतोस?"

घेतलं. पण माझ्या घरात, माझ्या ताटासमोर दडपशाही बसली आहे, हे विसरणार नाही. धिरडी चांगली झाली होती.

२ नोव्हेंबर
देवासारखी माणसं असतात. शहरातल्या एका नागरी हक्क संस्थेची वकील फोनवर आली. मिस डनबार. वयाने लहान, बोलणं तडतडीत. केस फुकट लढणार. म्हणाली, "मिस्टर व्हॉइझीन, प्लेट सरकार बनवतं, पण तिच्यावर बोलतं कोण? सरकार की नागरिक? हा देशापुढचा प्रश्न आहे." मी म्हणालो, माझ्यापुढचा प्रश्न ट्राउटचा आहे. तिला पूर्ण हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मासा बाजूला ठेवू या."

सगळे माझा मासा बाजूलाच ठेवतात.

१५ नोव्हेंबर
पेपरात फोटो! मी ट्रकला टेकून, हाताची घडी घालून. खाली लिहिलंय, 'स्वातंत्र्याचा शिलेदार'. कात्रणं कापली. एक लुसीलच्या आरशाला चिकटवलं. संध्याकाळी ते मांजराच्या वाडग्याखाली होतं.

थँक्सगिव्हिंग, दुपार
लुसील सणाची भाजलेली टर्की आणि गोडाचं घेऊन रॉयकडे गेली. दरवर्षी तो आमच्याकडे येतो. यंदा जेवण त्याच्याकडे गेलं. जाताना म्हणाली, "यायचं असेल तर चालत ये. ट्रक नको." मी तत्त्वासाठी घरी थांबलो. शिलेदारांना अशा गोष्टी सोसाव्या लागतात. डब्यातले राजमे गरम केले. मीठ सापडलं नाही. या घरात मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही, हे आज कळलं.

१९ डिसेंबर
तळं गोठलं. बर्फ चांगलं जाड आहे. दरवर्षी या दिवशी मी माझ्या ट्रकने खोपट ओढत नेतो आणि रॉय बाजूला उभा राहून चुका काढतो. "डावीकडे! अरे, तुझी डावी नव्हे, माझी डावी!" आज रॉयने कुणाचा तरी ट्रॅक्टर आणला आणि खोपट एकट्याने नेलं. मी काठावरून पाहिलं. फार डावीकडे गेलं होतं ते. सांगायला कुणी नव्हतं त्याला.

मला त्याची आठवण येते असं नाही. खोपटाची येते.

२० डिसेंबर
ठरवलं. प्लेट परत देणार. माघार नव्हे, औदार्य. मिस डनबारला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बरं झालं फोन केलात! राज्यभरातून पाठिंबा येतोय. एकतीस लोकांच्या प्लेटी खात्याने काढायला सांगितल्यात. ते सगळे तुमच्या सुनावणीला येणार आहेत. तुम्ही आता माणूस राहिला नाहीत, मिस्टर व्हॉइझीन, तुम्ही तत्त्व झालात." मी म्हणालो, तत्त्वाला सुटी नसते का? ती खूप हसली. तुम्ही फार गमतीदार बोलता म्हणाली.

सांगायचं होतं ते राहून गेलं. नववर्षानंतर सांगतो.

८ जानेवारी
नाही सांगितलं. तिने मला कोर्टात घालायला टाय पाठवलाय. टाय पाठवणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

१४ जानेवारी, सुनावणीहून परत
सविस्तर लिहितो, कारण हा ऐतिहासिक दिवस आहे.

सुरुवात वाहनतळावरच झाली. माझे एकतीस समर्थक आपापल्या गाड्यांसह हजर. एकेका गाडीवर असलं काही लिहिलेलं की मी मोठ्याने वाचलं तर माझी आई थडग्यातून उठून येईल. एका गाडीवर शरीराचा एक भाग, दुसरीवर त्याच भागाला दिलेला सल्ला. लुसील माझ्याबरोबर आली होती (ट्रकमध्ये बसली! तीन महिन्यांत पहिल्यांदा). तिने सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "हे तुझे लोक." एका दाढीवाल्याने मला मिठी मारली. त्याच्या गाडीवर काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

आत मिस डनबार अप्रतिम बोलली. तिचा डाव साधा. रॉय नावाची माणसं हजारो आहेत, या प्लेटने कोणा एकाची बदनामी होतच नाही. सुनावणी घेणारे अधिकारी माना डोलावत होते. मग त्यांनी मला सहज विचारलं, "म्हणजे हा रॉय कोणी विशिष्ट नाही?"

मिस डनबारने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मी सत्यासाठी लढतोय. मी उठून म्हणालो, "विशिष्ट नाही कसा? तो काय मागे बसलाय. हिरवी टोपी."

रॉय खरंच मागे बसला होता. लुसीलने बोलावलं होतं त्याला.

मिस डनबारने डोळे मिटले. अधिकारी म्हणाले, मग प्रश्न एवढाच उरतो की प्लेटवरचं विधान खरं आहे का. खरं असेल तर बदनामी नाही. त्यांनी रॉयला विचारलं, "तुम्ही खोटं बोललात का?"

रॉय उठला. टोपी काढली. म्हणाला, "हो साहेब. बोललो."

मी लुसीलकडे विजयाने पाहिलं. तिथेच थांबला असता तर किती बरं झालं असतं.

"डेल्मरने पाचाच्या जागी सहा गळ टाकले होते," रॉय म्हणाला. "दरवर्षी टाकतो. मासा नेमका सहाव्याला लागला आणि वॉर्डन आला. डेल्मरचं लायसन्स गेलं असतं. मग मी हिवाळाभर एकटा बसून काय करणार? माझे चारच होते. म्हणून म्हटलं, हा गळ माझा. खोटं बोललो. त्याला ती प्लेट ठेवू द्या साहेब, बरोबरच लिहिलंय."

आणि खाली बसला. टोपी घातली.

अधिकाऱ्यांनी निर्णय दिला: मजकूर सत्य आहे, प्लेट कायम. एकतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मिस डनबार खूश, मात्र माझ्याशी हस्तांदोलन तिने जरा लांबूनच केलं. मी जिंकलो.

येताना लुसील रॉयच्या गाडीतून आली.

१५ जानेवारी
सहावा गळ मी फक्त नवी स्प्रिंग तपासायला टाकला होता. हे कुणीही विचारलं नाही.

२२ जानेवारी
पेपरात पुन्हा फोटो. रॉयचा. 'मित्रासाठी खोटं बोलणारा माणूस.' स्पर्धेच्या कमिटीने तो मासा रद्द केला आणि फळ्यावरचं नाव खरवडून काढलं. आता तिथे कुणाचंच नाव नाही. तरी लोक फळ्यासमोर थांबून त्या कोऱ्या जागेकडे बघतात आणि म्हणतात, इथे रॉय होता.

२५ जानेवारी
विचित्र प्रकार. रस्त्यात लोक माझ्या ट्रकला हात करतात, हॉर्न वाजवतात. आधी वाटलं, माझं अभिनंदन. पंपावर एका म्हाताऱ्याने प्लेटवर थोपटलं आणि म्हणाला, "असा मेहुणा मिळायला नशीब लागतं. आणि तू ते ट्रकवर लिहून फिरतोस, छान केलंस." मी म्हणालो, तसं नाही ते. तो म्हणाला, "लाजतोस काय!"

२८ जानेवारी
प्लेट काढणार. ठाम. टाउन ऑफिसात वॅनेटाकडे गेलो, साधा नंबर मागितला. अक्षरं नकोत, आकडे दे, कुठलेही दे. वॅनेटा म्हणाली, "डेल्मर, एवढं भांडून मिळवलास हक्क, आता नको?" मी म्हणालो, हक्क आहे तर न वापरायचाही हक्क आहे. ती म्हणाली, "आहे की." पण नव्या प्लेटी तुरुंगातल्या कारखान्यात बनतात, आणि तिथलं यंत्र बंद आहे. साधे नंबरही संपलेत. वसंतात ये म्हणाली. मग जरा थांबून, "रॉयला नमस्कार सांग."

३१ जानेवारी
युक्ती सुचली. प्लेटवर चिखल आणि बर्फ थापलं. दोन मैलांवर पोलिसाने अडवलं. प्लेट झाकणं गुन्हा आहे. त्याने स्वतःच्या हातमोज्याने पुसली. वाचली. "अरे, तुम्ही ते होय!" दंड केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

लुसीलला म्हणालो, आता मी काय करू ते तरी सांग. ती म्हणाली, "ऑक्टोबरात सांगितलं तेच. तोंड आहे तुला." मग माझ्यापुढे मिठाची बरणी ठेवली. ती पहिल्या फळीवर असते. नेहमीच असते म्हणे.

६ फेब्रुवारी
आज गेलो. मोठा दिवस.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त जायचं ठरवलं होतं. दुपारी ट्रक तळ्याच्या काठाला लावला आणि बर्फावरून खोपटापर्यंत चालत गेलो. धुराडं चालू होतं. आत रॉय सॉसेज तळत असावा, वास येत होता. बाहेर त्याच्या पाच झेंड्या. पलीकडे पाच भोकं पाडून ठेवलेली, मोकळी. त्यात गळ नव्हते. ती भोकं रोज फोडावी लागतात, नाहीतर गोठून बुजतात.

दार वाजवलं. आतून रॉय म्हणाला, "कोण?" मी म्हणालो, मी. मग खिडकीची फळी सरकली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून काठाकडे पाहिलं. "ट्रक दिसतोय," म्हणाला. "मला दिवसभर इथे बसून ते वाचायचं नाही, डेल्मर. लोक फोटो काढायला येतात त्याच्याबरोबर. मासे बिचकतात."

मी म्हणालो, फिरवून लावतो. परत काठावर गेलो. फिरवून लावला. मग लक्षात आलं, आमच्या राज्यात पुढे एक आणि मागे एक, अशा दोन प्लेटी लागतात. कसाही लावला तरी वाचता येतंच.

खोपटाच्या दारातून रॉय ओरडला, "घरी ठेवून ये! थांबतो मी! सॉसेज आहेत!"

थांबतो म्हणाला. मी स्वतः ऐकलं.

ट्रक घरी नेला. लुसीलने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, बोलायला वेळ नाही, आणि चालत निघालो. रस्त्यावर बर्फ फार होतं. दोन गाड्या थांबल्या, सोडू का म्हणाल्या. मी म्हणालो, नको, मी चालत जाणार, रॉय थांबलाय. तळ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. धुराडं बंद. दाराला कुलूप. झेंड्या उचललेल्या. पलीकडची पाच भोकं गोठायला लागली होती.

मी थोडा वेळ थांबलो. मग पाय मारून एक भोक मोकळं केलं. चार राहिली. उद्या लवकर निघायला हवं.