योनाचा रुसवा

चंदूदादा,

मी घरच्यांना न विचारता रूपेशशी लग्न केलं, तेव्हा तू बायबल छातीशी धरून म्हणालास, "सपने, देव तुझा न्याय करील." दोन वर्षं मी त्याच धाकात काढली. पोटात बाळ होतं तेव्हा तर जास्तच.

परवा शेजारच्या प्रमिलाताईंनी बायबलातली योनाची गोष्ट वाचून दाखवली. देव शहराचा नाश करणार, असं देवानेच पाठवलेला योना सगळ्यांना सांगतो. लोक पस्तावतात, देव माफ करतो आणि योनाच रुसून गावाबाहेर बसतो! मला आपल्या गावी, पोशेऱ्यात रुसून बसलेला तूच दिसलास. खूप हसले.

ताई म्हणाल्या, "आधी सांगायला माणूस पाठवला, म्हणजे देवाला वाचवायचंच होतं ना?" त्या दिवशी माझी भीती गेली. तेच तुला कळवायला बसले होते.

इथवर लिहिलं आणि दारात जीप थांबली. नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन तू उतरलास.

"आत येऊ का गं?" तू विचारलंस.

मी बाळच तुझ्या हातात दिलं. आता तू अंगणात भाचीसाठी बेसूर गाणं म्हणतोयस आणि ती चक्क झोपलीय. हे पत्र राहू दे. मी भाकऱ्या टाकते.

तुझीच,
सपना
दाभोसा