नाल्याच्या पलीकडची बाजू

१९ एप्रिल १९५९

शाळेची किल्ली दिली. देऊ नये, हे माहीत होतं तरी दिली! तापीबाई दारात येऊन म्हणाली, "बाई, घरमा आवाज करू देतस नही. शाळानी किल्ली द्या." सोबत तिच्या वरल्या आळीतल्या नऊ-दहा बाया. सगळ्या कापूस वेचायला जाणाऱ्या, मजुरीच्या. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीन आठवड्यांवर आली. तयारी नको का?

तयारी म्हणजे शिव्यांची. आखाजीला नाल्याच्या एका काठावर वरली आळी, दुसऱ्यावर खालची. मध्ये कोरडा नाला. एका काठाने गाण्यातून शिवी द्यायची, दुसऱ्याने गाण्यातूनच परतवायची. याला बार म्हणतात. पूर्वी धोंडेही फेकत, आता ढेकळांवर आलंय. नाव घेऊन, घरातलं काढून, जे वर्षभर बोलता येत नाही ते सगळं. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग धरायचा नाही, हा नियम.

मी फक्त बघते. सहा वर्षं इथे आहे, सहाही वर्षं लांबून बघितलं.

२२ एप्रिल

पहिलीच्या वर्गात थाळ्या, रॉकेलचे डबे, एक फुटका डफ. इतका गोंगाट की फळ्यावरचा खडू खाली पडला. सूर नाही, ताल आहे. चढ्या आवाजात ओरडतात आणि मग एकदम थांबतात! थांबल्यावर कानात जे राहतं ते मला आवडतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

यंदाचं नवं कवन तापीबाईचं —

इहीर खंदी गावनी, पानी पेस केळी,
आम्हना हंडा कोरडा, सरपंचनी दिवाळी!

खरंच आहे. पंचायतीची विहीर सरपंच पितांबरशेठच्या केळीच्या मळ्याला लागून खणली. वरल्या आळीच्या बाया अजून नदीवर जातात. तीन अर्ज झाले. पहिले दोन मीच लिहिले. व्याकरण चोख होतं, उपयोग शून्य.

२६ एप्रिल

धुडकू कोतवालाने दवंडी दिली. यंदा बार बंद. त्याऐवजी मारुतीच्या पारावर भजन. गावाची अब्रू जाते म्हणे. ज्या घरची बाई नाल्यावर दिसेल त्या घराला पंचायतीच्या कामावर घेणार नाहीत.

दवंडी देऊन धुडकू माझ्या ओट्यावर पाणी प्यायला बसला. म्हणाला, "बाई, मन्ही माय बारमा पयली ऱ्हायनी व्हती." मग तांब्या पालथा घालून उठला.

२७ एप्रिल

पितांबरशेठ रस्त्यात भेटले. "बाई, तुम्ही शिकेल माणूस. या बायास्ना नादले लागू नका." मी हो म्हटलं. किल्ली परत घेतली नाही.

३ मे

वरल्या आळीच्या बाया मागे हटत नाहीत. त्यांना पंचायतीचं काम मिळतच कुठे होतं! पण खालच्या आळीतून कुणी येणार नाही. सगळ्यांना नवऱ्यांनी दम दिलाय. समोर कुणी नसेल तर बार होत नाही. एकतर्फी शिव्या म्हणजे नुसती भांडकुदळ बाई, तिला पंच दंड करू शकतात. समोरून एक जरी उत्तर आलं तरी तो बार, मग कुणाला हात लावता येत नाही.

तापीबाई वर्गात डबा उपडा घालून बसली. "समोर कोनी नही, ते गाया कोले देऊत? भितले?" शिव्या काय भिंतीला द्यायच्या! तिचा चेहरा बघवला नाही. तिचं ते विहिरीचं कवन सगळ्या गावासमोर म्हणायची ही एकच वेळ आहे. हुकली की वर्ष गेलं.

६ मे

प्रमिलाबाई मागच्या दाराने आल्या. पितांबरशेठची बायको. खालच्या आळीची दरवर्षीची म्होरकी, गळा असा की गुरं बिचकतात. म्हणाल्या, "मन्हा तोंडले कुलूप शे, बाई. तुम्ही खालनी आळीमा ऱ्हातस. तुम्हीच जा."

मी हसले. हे वारल्याला नऊ वर्षं झाली. माझ्यासारखीने सवाष्णींच्या सणात पुढे उभं राहायचं नसतं, हे त्यांना मी सांगायला हवं का?

संध्याकाळी हेच तापीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बारले कुकू लागत नही. गळा लागस."

९ मे

जाणार नाही. नोकरी आहे. ठरलं.

१० मे, आखाजी

गेले.

११ मे

आज अंग दुखतंय, जरा सावकाश लिहिते.

चारच्या उन्हात पलीकडच्या काठावर एकटी उभी राहिले. समोर पंचवीस बाया, थाळ्या, डबे. पारावरचं भजन सोडून पुरुष निंबाखाली येऊन उभे, पितांबरशेठही. तापीबाईने विहिरीचं कवन उचललं आणि तीनदा म्हटलं! दुसऱ्या वेळेला पितांबरशेठनी पागोटं काढून हातात घेतलं.

आता माझी पाळी. खालच्या आळीची बाजू घेऊन काय बोलावं? वरल्या आळीच्या पोरी शाळेपासून पळतात, हा माझाच जुना राग कामी आला —

तुम्हन्या पोरी कोठे व्हतीस? बकऱ्यास्ना मागे!
पाटी देखी पयतीस, जसा वाघ लागे!

वरल्या आळीत ओरडा झाला, हशा झाला. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट घसा मोकळा झाल्यासारखं वाटलं, आणखी म्हणावंसं वाटलं! मागे बघते तो खालच्या आळीच्या सहा बाया येऊन उभ्या. सातव्या प्रमिलाबाई, तोंडाला पदर लावून, पण आलेल्या. बार झाला. आता कुणालाही दंड होणार नाही.

मग तापीबाईने माझं नाव घेतलं. एकच ओळ म्हणाली. डबे थांबले. मला उत्तर देता आलं नाही. उभी राहिले, मग खाली बसले. प्रमिलाबाईंनी हात धरून घरी आणलं.

वाटेत त्यांनी समजावलं: ज्याला उत्तर आलं नाही तो बार मिटत नाही. पुढच्या आखाजीला आधी त्याचंच उत्तर व्हायचं, हे पंचांच्या बापालाही मोडता येत नाही. म्हणजे पुढल्या वर्षी बार होणार, पितांबरशेठनी काहीही केलं तरी. तापीबाई हे ठरवून बोलली की काय, मला कळत नाही. सकाळी ती किल्ली परत द्यायला आली. नेहमीसारखी "बाई" म्हणाली. नियमाप्रमाणे एक अक्षर वेगळं नाही.

ती ओळ आज लिहीत नाही.

१२ मे

लिहितेच.

धनी मरी ग्या, बाई सांगस,
सुरतमा धनी बिडी फुकस!

खरं आहे. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सहा वर्षं कुणी बोललं नाही. मी मात्र या वहीतसुद्धा त्याला मेलेलाच लिहीत आले.

फक्त तो बिडी ओढत नाही. तपकीर ओढतो.