अंगठा हलेपर्यंत

११ जाने. ८६, शनि.
मुंबईहून पेटी आणली. सुमनला प्रवास झेपेना, एकटाच गेलो. पेटी ट्रान्झिस्टरएवढी, दोन वायरी, दोन रबरी पट्ट्या. एक घोट्यामागे लावायची, एक जरा वर. दुखणं ओटीपोटात, उपचार पायाला. सरकारी खात्यासारखंच, तक्रार इथं नि ऑफिस तिथं. डॉ. म्हणाले, दोन्हीकडच्या नसा वर मणक्यात एकाच जागी मिळतात. असेल. मणक्याच्या ऑपरेशनपासून सु.ला लघवी लागलेली कळतच नाही. कळते ती साडी ओली झाल्यावर. पोटही चार-चार दिवस गप्प.
वेगाच्या बटणावर डॉ.नी पट्टी चिकटवून दिलीय. आपल्या हाती फक्त करंटचं, शून्य ते दहा. "सोसेल तितकं वाढवा, त्रास नको." पेटी उसनी. फेब्रु.अखेर परत.

१३ जाने., सोम.
अर्धा तास लावली. दोनवर ठेवली.
"मला तर काय बी नाय कळत."
म्हटलं, उत्तम. उभा जन्म पॉवर हाउसात गेला. करंट अंगाला कळला म्हणजे कुठंतरी गळती. आमच्यात न कळणाऱ्या करंटलाच चांगला म्हणतात.
"म्हंजी मंत्र्यासारकं. चालू हाय म्हनायचं."

२० जाने., सोम.
साडू साजगावहून आला. शोभाचं लग्न ठरलं, २३ फेब्रु. सु.ची बहीण गेली तेव्हा पोर एवढीशी होती. शाळा संपेपर्यंत आमच्याच क्वार्टरमध्ये, सु.च्याच पदराला.
"ताई, तुमी नाय आलात तर पोरीच्या मागं उबं कोन ऱ्हानार?"
"येते की."
तो गेल्यावर मला म्हणाली, "येते म्हनले खरं. कर्जतला गाडी बदला, खोपोलीला उतरा, मग मांडव, मग तुमचे पुढारी."
खरंय. आपल्या बौद्ध पद्धतीत लग्न चहा निवायच्या आत लागतं. भाषणांत मात्र नवरा-नवरी म्हातारी व्हायची वेळ येते.
"पेटीनं गुन आला तर जाईन," म्हणाली. पांढरी साडी इस्त्रीला दिली.

३ फेब्रु., सोम.
गुण नाही. चादरी रोज. साप्ताहिकाला माझं विनोदी सदर पाठवलं, विषय: नळ आहे, पाणी नाही. सु.ला वाचून दाखवलं. हसली नाही. मग लक्षात आलं.
संध्याकाळी पेटी लावताना म्हणाली, "जरा वाडवा की."
"नको. करंट मला कळतो, तुला नाही."
दोनवरच ठेवली.

१७ फेब्रु., सोम.
त्याच डॉ.चं कर्जतला शिबिर. साहेबांची जीप मागून सु.ला नेलं, खाली रबरी कापड. व्यायामोपचाराच्या बाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला नि बटण फिरवत गेल्या. तीन. चार. पाच. सु. दचकली. "अगं बया, मुंग्या!" आणखी थोडं, आणि पायाचा अंगठा आपोआप खाली दुमडला.
"हे दिसायला हवं. मग किंचित खाली आणायचं. घरी कितीवर ठेवत होतात?"
सांगितलं.
बाई रागावल्या असत्या तर बरं. हळूच म्हणाल्या, "अहो, म्हणजे इतके दिवस पेटी लावलीच नाहीत तुम्ही."
परतताना जीपमध्ये सु. म्हणाली, "तुमाला वाटलं, मला लागंल." टोमणा नव्हता. टोमणा असता तर परतवला असता.

२३ फेब्रु., रवि.
सु. गेली नाही. आठवडाभरात काय होणार? बाईच म्हणाल्या होत्या, गुण यायला आठवडे लागतात. ते आठवडे मी दोनवर बसून घालवले.
एकटा गेलो. वंदना झाली, फुलं पडली. शोभा माझ्यामागे बघत राहिली. "काका, मावशी कुटंय?" म्हटलं, ताप आलाय. तिच्या मागं कुणीतरी लांबची आत्या उभी होती, तिला पदर नीट करता येईना. मग माइकवर मला बोलावणं. "दोन शब्द बोला, हसवा जरा." उठलो नाही.
पोरीनं मावशीसाठी बुंदी बांधून दिली. घरी आलो तर इस्त्रीची साडी परत ट्रंकेत.

२७ फेब्रु., गुरु.
उद्या पेटी द्यायची. ऑफिसातून डॉ.ना फोन केला, महिनाभर वाढवून द्या म्हणून. दुसरी एक बाई वाट बघतेय म्हणाले. तरी बघतो म्हणाले. आणि ती बाई? तिचाही नवरा कुठंतरी हुशार असेलच.
संध्याकाळी पट्ट्या लावून बटणाकडे हात नेला.
"हात काडा. पाय माजा हाय."
स्वतः फिरवलं. अंगठा दुमडला. किंचित खाली आणलं. मी पेपर धरून बसलो, एक ओळ कळेल तर शपथ.
पट्ट्या काढल्यावर सु. तशीच बसून राहिली, पोटावर हात.
"काय गं?"
"गप ऱ्हावा जरा." मग म्हणाली, "काय तरी होतंय. का नुसतंच वाटतंय..."
भिंत धरून मोरीत गेली. दार लावून घेतलं.
आत पाण्याचा आवाज येतोय. तांब्याचा असेल. किंवा
विचारणार नाही. बाहेर येऊन सांगेल ते ऐकायचं.