नांगर मागे, सीट पुढे

मु. पिंपळवंडी, दि. ९ जून २०२४, रविवार, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. ओट्यावर बसून, एक कान रानाकडे ठेवून.

आदरणीय धम्मपालदाजी यांस प्रबुद्धचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, असे दहा वाजेपर्यंत तरी लिहितो. मंचरला तुम्ही आणि ताई कसे आहात? सेवा केंद्रात दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुमची कंबर धरली, असे ताई फोनवर म्हणाली. काळजी घ्या. (या विषयावर खाली आणखी आहे.) फोन न करता पत्र लिहितो, कारण बोलताना माझे मुद्दे मागेपुढे होतात.

बाबांच्या बोटांना मुंग्या येतात, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षे ट्रॅक्टरचे हादरे खाल्ले, आता बस करा. आईने आळेफाट्याच्या गोरखभाऊंना ट्रॅक्टर द्यायचे ठरवले. ते जुने ट्रॅक्टर विकत घेतात आणि आज दहा वाजता येणार आहेत. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी आईने अट घातली, "रान नांगरून या अन् चहाचा कप हातात धरा. सांडला न्हाई, तर ऱ्हाऊ द्या तुमचं ते धूड."

म्हणून मी हादरे झेलणारी सीट करायला घेतली. आयटीआय मी दुसऱ्या वर्षी सोडले, पण स्प्रिंगचा धडा त्याआधी झाला होता. भंगारातल्या मोटारसायकलचे दोन शॉकअप आणले आणि कांद्याच्या काट्यावर बाबांचे वजन केले (बासष्ट किलो. चपला वेगळ्या मोजून वजा केल्या आहेत). बाबा चाचणीला बसेनात, तेव्हा तेवढ्याच वजनाची कांद्याची गोणी सीटवर बांधली, तिच्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि मी बाजूच्या पायरीवर उभा राहून ट्रॅक्टर बांधावरून नेला. पाणी दोन बोटे कमी झाले. जुन्या सीटवरून तांब्याच गेला होता.

बुधवारी बाबा बसले आणि चूक कळली. गोणी पुढे बघते. बाबा पुढे बघतच नाहीत. नांगर नीट लागला का हे पाहायला ते दर चार पावलांना अर्धे उठून मागे वळतात. ते उठले की स्प्रिंग सीटला वर ढकलायची, आणि परत टेकले की पाय ब्रेकच्या चार बोटे वर. असे होता होता विहीर आली. (तिला कठडा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.) मी ओरडत धावलो. बाबांनी इंजिन बंद करायची दांडी ओढली. पुढचे चाक विहिरीपासून एक मीटर दहा सेंटिमीटरवर थांबले. (टेप हातातच होता.)

बाबा उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "सीट लई झ्याक हाय, इंजनेर. पर नांगर मागं हाय अन् तू मला पुढं बसवतो."

मी दोन दिवस त्याच वाक्यावर काम केले. हादरे वेगळे आणि कंबर पिळणे वेगळे, हे गोणीला कसे कळणार? आता सीट वर उसळू नये म्हणून खालून पट्टा लावला आहे, आणि ती उजवीकडे थोडी वळते. म्हणजे बाबांना बसल्या बसल्या मागे बघता यावे. पहाटेपासून बाबा त्याच सीटवर बसून रान नांगरत आहेत. मघाशी इंजिनाचा आवाज थांबला होता. मी सतरापर्यंत आकडे मोजले, मग तो पुन्हा सुरू झाला. सतराचा अर्थ मला लागलेला नाही.

ताईस जय भीम सांगावा.

आपला,
प्रबुद्ध

ता.क. : सीट वळायला फिरती बैठक लागते. गुरुवारी "कुरकुरते, तेल घालून आणतो" म्हणून मी तुमची खुर्ची नेली, तिचा खालचा फिरता भाग सध्या रानात आहे. पाठ आणि चाके घरी सुरक्षित आहेत. चहा सांडला, तर संध्याकाळच्या एसटीने अख्खी खुर्ची आणून देतो.

ता.क. दुसरा, १० वाजून २५ मिनिटे : बाबा आले. आई, मी, गोरखभाऊ, सगळे कपाकडे बघत होतो. एक थेंब सांडला नाही. गोरखभाऊ बाबांना "बघू पुढल्या साली, भागुजीभाऊ" म्हणून गेले. तेव्हा खुर्ची येणार नाही, राग मानू नये.

कप आईने अर्धाच भरला होता. गोरखभाऊंची गाडी वळणाआड गेल्यावर बाबांनी रिकामा कप आईपुढे धरला आणि ते म्हणाले, "आता भरून दे." मी हे पत्र पुरे करायला आत आलो.