टाळूचा वास

प्रिय करिश्मा,

शेजारची ललिता उद्या अकोल्याले येते, तिच्याजवळ डिंकाचे लाडू पाठवून राहिली. हे पत्र डब्यात वरच ठेवलं, एकटी असशील तेव्हा वाचजो. फोनवर बोलता येत नाही बाई, तुह्ये बाबा आता दिवसभर घरीच असतात. काल तू रडत विचारलं, ईशान झाला तेव्हा बाबा दवाखान्यात साऱ्यायच्या आधी हजर होते, मग आता काहून नाही आले, पोरगी झाली म्हणून का? मी हॉटेलचं काम सांगून फोन ठेवला. खोटं बोलली. आपल्या हॉटेलले कुलूप आहे.

कोरोनात आमचा दोघायचा वास गेला होता, तुले ठाऊक आहे. माह्या परत आला. आपलाही आला असं ते म्हणाले अन् मी मानलं. मग एक दिवस दूध करपून घरभर वास सुटला, तरी हा माणूस शेगडीजवळ पेपर वाचत बसलेला! ज्यानं मिरचीचं पोतं नुसतं हुंगून बाजारात परत पाठवलं, त्याले कोणत्या तोंडानं विचारू? तेव्हापासून रोज देवपूजा झाली की मी हॉटेलात जायची. भाजी पाहाच्या निमित्तानं पातेल्यात, तेलात, बेसनात नाक घालायची. खराब वाटलं की हळूच मोरीत. ते म्हणायचे, आजकालच्या जिऱ्याले वासच नाही, सारी भेसळ. मी म्हणायची, खरं आहे बाप्पा.

तुह्या बाळंतपणाले मी तिकडे आली, अन् त्याच आठवड्यात हॉटेलात अन्न-तपासणीवाले साहेब आले. आपली भाकरी करणारी पार्बताबाई तिथंच होती, तिनं सांगितलं. साहेब भला माणूस. पाण्याच्या टाकीले झाकण नाही, फ्रिजात कच्चं अन् शिजलेलं एकाच खणात, तळणाचं तेल काळं पडलं, सारं लिहून घेतलं, सुधरवा म्हणाले. बाबाले वाटलं, साहेबाले खुश करावं. पाटोडीच्या रश्शाची वाटी भरली, आधी स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटले, म्हणाले, घ्या साहेब, वासानंच भूक लागते का नाही पाहा. रस्सा आदल्या दिवशीचा होता, आंबून गेला होता. पार्बताबाईले सकाळीच समजलं होतं, पण मालकाच्या नाकापुढं बोलावं कोणी? साहेबानं रुमाल तोंडाले लावला. गिऱ्हाईकं मान खाली घालून बसली. कोणी हसलंही नाही.

नोटीस काही जीवघेणी नाही. झाकण आणलं, जाळ्या लावल्या, खण वेगळे केले. पण ते कुलूप उघडत नाहीत. म्हणतात, चारचौघात नाक कापलं गेलं. अन् मग स्वतःच हसतात, कापाले होतं कुठं? मले विचारलं, तुले माहीत होतं ना माणिक? मी हो म्हणून मान हलवली. म्हणाले, कोणाचं लेकरू तो रस्सा जेवलं असतं तर? त्या दिवशी ताटावर बसलेच नाहीत.

आता तुह्या प्रश्नाचं उत्तर. ईशान झाला तेव्हा त्यायनं त्याची टाळू हुंगली अन् साऱ्या दवाखान्याले सांगत सुटले, भाजलेल्या बेसनाचा वास येते माह्या नातवाले. आता तूही हौसेनं फोनवर म्हणाली, बाबा, येऊन सांगा हिच्या टाळूले कशाचा वास आहे, नाव जुईली ठेवून राहिलो. तेव्हापासून त्यायनं पेटीतलं तुह्यं लहानपणचं झबलं काढलं. काल पाहिलं, ते नाकाले लावून लेकरासारखे रडून राहिले होते. पोरगी झाली म्हणून नाही व माय. तिच्या टाळूवर वाकावं अन् काहीच येऊ नये, याचं भय वाटते त्यायले. रविवारच्या बारशाले मी कसंही करून त्यायले आणते. तू पोरगी त्यायच्या मांडीवर दे, अन् काहीच विचारू नको. मी हुंगलं आहे तिले. आपल्या शेंदूरजनाच्या मळ्यात संत्र्याले बहार येते ना, तोच वास आहे. त्यायले तो पाठ आहे, मी कानात सांगीन.

तुहीच,
आई